आमचं घर सी-वन

आमच्या घराला इंग्रजी उत्तम येतं. घरातल्या एकाही माणसाला येत नाही, पण घराला येतं. ही बढाई नाही. तशी रीतसर चाचणी झालेली आहे आणि ठाण्याच्या एका इंग्रजीच्या क्लासने तसं लेखी कळवलेलं आहे.

झालं असं, की आमची ऋचा नवऱ्याबरोबर, म्हणजे निखिलबरोबर, आयर्लंडमध्ये असते आणि तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. माहेर कल्याणला, मुलगी डब्लिनला. तेव्हा माहेरानेच उठून तिकडे जायचं ठरलं. माहेर म्हणजे अर्थात मी. यांना शहाडच्या कारखान्यातून एवढी रजा मिळणं शक्य नव्हतं (आणि मिळाली असती तरी बाळंतिणीच्या खोलीत यांचा उपयोग काय, हा प्रश्न होताच). म्हणजे मी एकटीने जायचं, मधे विमान बदलायचं आणि तिकडच्या दवाखान्यात, दुकानात, शेजारीपाजारी जे काय बोलायचं ते इंग्रजीत बोलायचं.

मी मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकले आणि लग्नापासून घरी ब्लाउज शिवते. बोटनेक, प्रिन्सेस कट, डीप बॅक. माझं इंग्रजी एवढंच, आणि ते सगळं खांदा आणि कंबर यांच्या मधलं. त्याच्या वरखाली मला बोलता येत नव्हतं.

ऋचाने तिकडूनच क्लास शोधला. फोनवर म्हणाली, "आई, आधी एक ऑनलाइन टेस्ट असते. ती तू एकटीने दे हं. तुझी पातळी कुठली आहे ते बघतात आणि त्याप्रमाणे बॅच देतात. पास-नापास असं काही नसतं."

हे शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं. ज्या परीक्षेत नापास होत नाहीत ती परीक्षा कसली, असं आमच्याकडे मानतात. ह्यांनी ताबडतोब धाकट्या भावाला फोन लावला. सुहासभावजी बाळकुमला एका मोठ्या टॉवरमध्ये राहतात. तिथला वॉचमनसुद्धा गुड मॉर्निंग म्हणतो, त्यामुळे आमच्या घरातले इंग्रजीचे प्रश्न त्यांच्याकडेच जातात.

"दादा, सहा लेव्हल असतात," भावजी म्हणाले. "ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. ए सगळ्यात खाली."

"ए खाली?" हे भडकलेच. "अरे, आमच्या शाळेत अ तुकडी हुशारांची होती! मी क मध्ये होतो!"

"म्हणून तर म्हणतो दादा, इथे तुला चान्स आहे."

"मला नाही, तुझ्या वहिनीला द्यायचीय टेस्ट."

"मग मी येतो रविवारी."

रविवारी भावजी लॅपटॉप घेऊन हजर झाले. हे वरच्या मजल्यावरच्या पाटणकर सरांना बोलावून आले. सर निवृत्त शिक्षक. आयुष्यभर भूगोल शिकवला, पण इंग्रजी माध्यमात, त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये इंग्रजीतला शेवटचा शब्द त्यांचा. मी दबक्या आवाजात म्हटलं, "अहो, ऋचा म्हणालेली, एकटीने द्यायची."

"अगं, देणार तूच आहेस. आम्ही नुसते बसणार," हे म्हणाले.

पहिले काही प्रश्न सोपे होते. चारपाच मी माझे मी सोडवले, आणि खरं सांगते, मला मजा आली. आपल्याला हे येतं, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं. मग एका प्रश्नावर मी जराशी थांबले. फक्त विचार करायला! तेवढ्यात मागून तीन आवाज आले.

"दुसरा!"

"तिसरा रे, तिसरा!"

"थांबा, आधी प्रश्न नीट वाचा!"

त्या प्रश्नानंतर माझ्या हातात काही राहिलं नाही.

आता ही टेस्ट होती वस्ताद. उत्तर बरोबर आलं की ती पुढचा प्रश्न आणखी अवघड विचारते, चुकलं की खाली उतरते, आणि असं वरखाली करत माणूस नक्की कुठे उभा आहे ते शोधते. हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. आमचं एकही उत्तर चुकेना, कारण एकाला आलं नाही तर दुसऱ्याला येत होतं, आणि ती बिचारी वर वर चढत चालली.

"पेपर काढणारा खडूस दिसतोय," सर घाम पुसत म्हणाले.

"सर, घाबरू नका. आपण चौघं आहोत!" भावजी म्हणाले. (मला धरून चौघं. तो त्यांचा मोठेपणा.)

मग ऐकण्याचे प्रश्न आले. एक गृहस्थ मधमाश्यांबद्दल काहीतरी सांगत होते आणि तेवढ्यात आमच्या कुकरने शिट्टी दिली. यांना सुरुवात कळली, भावजींना मधलं कळलं आणि सरांना शेवट. तिघांनी मिळून तो गृहस्थ पूर्ण ऐकला. शेवटी निबंध होता, आपल्या परिसराबद्दल लिहा. सरांनी डोळे मिटून शहाडच्या पुलावरून दिसणारी उल्हास नदी सांगायला सुरुवात केली आणि भावजी टाइप करत गेले. त्या निबंधातली नदी मी आजवर पाहिलेली नाही. मी तोवर चहा टाकायला आत गेले होते. माझी परीक्षा बाहेर व्यवस्थित चालू होती.

निकाल लगेच आला. सी-वन!

"दादा! वरून दुसरी लेव्हल!" भावजी ओरडले. सरांनी माझ्याकडे वळून हात जोडले, "अभिनंदन नंदाताई!" आणि मी ट्रे हातात घेऊन "थँक यू" म्हणाले. माझ्या सी-वनमधला माझा वाटा तेवढाच.

संध्याकाळपर्यंत ह्यांनी ती बातमी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेली होती. सोमवारी सेक्रेटरी दारात उभे. लिफ्टच्या कंपनीला इंग्रजीत कडक पत्र लिहायचं होतं. मी म्हटलं, दोन दिवस द्या, आणि पत्र गुपचूप पाटणकर सरांकडे पाठवलं. मग तळमजल्यावरच्या सुनेला मुलाच्या शाळेत अर्ज द्यायचा होता. तोही सरांकडे. पुढे पुढे सर माझ्याकडे बघून जिन्यातच वळायला लागले. माझी गिऱ्हाइकंही बदलली. माप देताना पूर्वी सासूबद्दल बोलायची, आता मुलांना कुठल्या बोर्डात घालू विचारायची!

खरा प्रसंग ठाण्यात आला. क्लासने मला सी-वनच्या बॅचमध्ये बसवलं. माझ्या एका बाजूला कॅनडाला निघालेले डॉक्टर, दुसऱ्या बाजूला एक सीए बाई. तेजश्री मॅडम शिकवायच्या. ऋचापेक्षा फार तर चारपाच वर्षांनी मोठ्या असतील, चेहऱ्याने प्रसन्न. पहिल्याच दिवशी चर्चेचा विषय निघाला आणि शहरं म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी बांधावीत का, असं काहीसं मॅडमनी मला विचारलं.

मी म्हटलं, "येस."

"व्हाय?"

"व्हाय नॉट?"

सगळा वर्ग हसला. मला वाटलं, झालं, पकडली गेले. पण नाही, त्यांना तो विनोद वाटला! डॉक्टर म्हणाले, "शार्प!" त्यानंतर मी तोंडच उघडलं नाही. दर शनिवारी जायचे, मान डोलवायचे आणि परत यायचे. महिन्याच्या शेवटी मॅडमनी माझ्याबद्दल शेरा दिला, की या फार उत्तम श्रोत्या आहेत. हे तोही ग्रुपवर टाकणार होते, मी फोन काढून घेतला.

वर्गात बसून मी काही शिकत नव्हते. जे ऐकू यायचं ते डोक्यावरून जायचं, आणि जे मला हवं होतं, म्हणजे विमानतळावर दार कुठलं विचारायचं, दवाखान्यात दुखतंय कुठे सांगायचं, ते तिथे कोणी शिकवत नव्हतं. ते सगळं खालच्या बॅचमध्ये, शेजारच्याच खोलीत चाललेलं असायचं. भिंतीपलीकडून सगळे एकदम म्हणायचे, "एक्सक्यूज मी, व्हेअर इज द फार्मसी?" आणि मी इकडे डॉक्टरांच्या शेजारी बसून मनातल्या मनात ते वाक्य म्हणायचे. आपल्याच वर्गात आपल्यालाच आत यायला बंदी आहे, असं काहीतरी वाटायचं तेव्हा.

एका दुपारी ऋचाचा फोन आला. आवाज एकदम मोकळा.

"आई, बाळंतपणात मदतीला एक बाई ठरवल्या होत्या ना, त्यांना मी नको म्हणून सांगितलं."

"का गं?"

"अगं, निखिलची शिफ्ट कधीही असते, तो नसताना घरी कोणीतरी इंग्रजी बोलणारं हवं होतं. दवाखान्यात फोन करायला वगैरे. आता तू आहेस ना! आई, मला माहीत होतं तुला सगळं कळतं. तू फक्त लाजतेस. टेस्टमध्येसुद्धा तेच निघालं बघ. मी इतकी निर्धास्त आहे ना आता."

मी "हो गं" म्हणाले आणि फोन ठेवला. मग मशीनवर जाऊन बसले, पण पाय चालेना. आत्तापर्यंत ही सगळी गंमत होती. आता माझी पोरगी पोटुशी, परक्या देशात, माझ्या सी-वनवर टेकून बसली होती, आणि त्या सी-वनखाली काहीच नव्हतं. मला भीती वाटली. विमानाची वाटली नव्हती तेवढी वाटली.

त्याच आठवड्यात तोंडी परीक्षा होती, घरूनच, व्हिडिओ कॉलवर. यांनी पुन्हा फौज बोलावली. लॅपटॉपच्या मागे भावजी ऋचाची जुनी पाटी घेऊन उकिडवे बसले, उत्तरं लिहून दाखवायला. सर खिडकीच्या पडद्यामागे उभे राहिले. हे दाराशी, कोणी बेल वाजवू नये म्हणून. (बेल दोनदा वाजली. दोन्ही वेळा यांचाच कोपर लागला होता.)

तेजश्री मॅडम लॅपटॉपवर दिसल्या. "सो, नंदाताई, टेल मी अबाउट युअर वर्क."

पडद्यामागून कुजबुज आली, "आय ॲम अ प्रोफेशनल इन द फील्ड ऑफ..."

भावजींची पाटी वर आली. तिच्यावर इतकं बारीक लिहिलं होतं, की मला चष्मा लावूनही वाचता येईना. भावजी पाटी पुढे पुढे सरकवायला लागले. मी पाटीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि मला आमच्या गिऱ्हाइकांची आठवण झाली.

माप घेताना बायका पोट आत ओढतात. प्रत्येक बाई ओढते! मी सांगते, श्वास सोडा हो, मोकळ्या उभ्या राहा. त्या म्हणतात, सोडलाय की. मग टेपवर जे येतं ते मी लिहून घेते, त्या मापाचं ब्लाउज शिवते, आणि आठवड्याने त्याच येऊन भांडतात, की हुक लागत नाही, श्वास घेता येत नाही. मी आजवर किती जणींना सुनावलं असेल, की टेप तुम्हाला नावं ठेवत नाही, टेप फक्त बघतो. आणि मी स्वतः काय केलं होतं? चार माणसांनी मिळून माझं पोट आत ओढलं होतं.

"मॅडम," मी म्हटलं, "आय स्टिच ब्लाउज."

पडद्यामागे सर कळवळले.

"लेडी कम. आय टेक मेजर. शी पुल स्टमक. आय टेल, नो पुल. शी पुल. देन ब्लाउज टाइट. देन शी फाइट." मी श्वास घेतला. "मॅडम, धिस टेस्ट, आय पुल स्टमक. माय हजबंड पुल. माय हजबंड ब्रदर पुल. वन सर, अपस्टेअर, ही पुल व्हेरी मच. ऑल टुगेदर सी-वन. आय ओन्ली... स्मॉल. माय डॉटर, बेबी कमिंग. शी थिंक मी बिग. प्लीज मॅडम. गिव्ह मी माय साइज."

भावजींच्या हातातली पाटी हळूहळू खाली गेली. मॅडमनी तोंडावर हात धरला, त्यांचे खांदे हलायला लागले, आणि त्या इतक्या हसल्या, की डोळे पुसायला लागल्या. मलाही हसू फुटलं आणि रडूही.

"ताई," त्या शेवटी मराठीत म्हणाल्या, "क्लासमध्ये आल्यापासून तुम्ही दोन शब्द बोलल्या होतात. आत्ता तुम्ही न थांबता अख्खी गोष्ट सांगितलीत, आणि मला पूर्ण कळली. तुम्ही ए-टूच्या दारात उभ्या आहात."

"म्हणजे खालून दुसरी," मी म्हटलं.

"खाली-वर सोडा हो. हे मार्क नाहीत. ए-टूवाल्या माणसाला दुकानात वस्तू मागता येते, रस्ता विचारता येतो, घरच्यांबद्दल सांगता येतं, अडचण आली तर साध्या शब्दांत मदत मागता येते. तुम्हाला तिकडे काय करायचंय?"

मी विचार केला. मला तिकडे नेमकं एवढंच करायचं होतं. आयुष्यभर कुठल्याही परीक्षेने मला काय येत नाही तेच सांगितलं होतं. काय येतं हे कोणी मोजतं, हे मला नवीनच होतं.

"एक सांगू?" मॅडम म्हणाल्या. "पडद्यामागे जे कोणी आहेत, त्यांना बसायला खुर्ची द्या."

ऋचाला सांगणं त्याहून कठीण गेलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे काकाने लिहिलं?"

"टाइप केलं. लिहिलं सरांनी."

"आणि बाबांनी?"

"बाबांनी ग्रुपवर टाकलं."

ती हसायला लागली, मग रागावली, मग पुन्हा हसली. मदतीच्या बाईंना तिने परत बोलावून घेतलं, आणि मला वाईट वाटलं, पण हायसंही वाटलं. मी भिंतीपलीकडच्या खोलीत गेले. तिथे सगळ्यांबरोबर जोरात ओरडून फार्मसी कुठे आहे ते विचारलं. तिथली सगळ्यात कामाची तीन वाक्यं मी भाजी चिरताना, मशीन चालवताना, झोपायच्या आधी देवाला हात जोडतानाही म्हणायचे: माझ्या मुलीला कळा सुरू झाल्यात. आमचा पत्ता असा आहे. जरा सावकाश बोला.

मधल्या काळात बाकीच्यांनाही खुमखुमी आली. प्रत्येकाने एकेकट्याने, खोलीचं दार लावून ती टेस्ट दिली. हे ए-वन निघाले (आणि ए वर असतो, यावर अजून ठाम आहेत). भावजी ए-टू, म्हणजे माझ्याच वर्गात! पाटणकर सरांना बी-वन मिळालं आणि त्यांनी सगळा दोष इंटरनेटला दिला. सगळ्यांची बेरीज केली की मात्र सी-वन.

डब्लिनला कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. निखिल कामावर, मदतीच्या बाई बाजारात. ऋचाने दवाखान्याचा नंबर लावला, कॉट घट्ट धरली आणि फोन माझ्या हातात कोंबला. पलीकडून एक बाई भराभर काहीतरी बोलली. मागे पडदा नव्हता, पाटी नव्हती. मी पोट सैल सोडलं आणि म्हटलं, "प्लीज स्पीक स्लोली. माय डॉटर, बेबी कमिंग." आणि ती बाई सावकाश बोलली! एकेक शब्द सुटा करून. मी पत्ता सांगितला, तिने परत विचारला, मी परत सांगितला. गाडी आली. रात्र व्हायच्या आत मी आजी झाले.

आता नात बोलायला लागली आहे. इंग्रजीत ती मला कधीच मागे टाकून गेली, पण मराठी माझ्याकडे असते, दर रविवारी व्हिडिओवर. मागच्या रविवारी मी तिची परीक्षा घ्यायची ठरवली. ऋचाला बजावलं, "तिला एकटीला बसव. कोणी मदत करायची नाही. मला तिची खरी पातळी बघायचीय."

मग नातीला विचारलं, "काय गं पिल्ला, आज काय जेवलीस?"

ती डोळे मोठे करून नुसती बघत राहिली. तेवढ्यात फोनच्या मागून तिच्या आईची कुजबुज आली, "वरणभात म्हण, वरणभात!" पाठोपाठ निखिलचा आवाज, "आणि तूप!" इकडे माझ्या मागून हे झुकून ओठ हलवायला लागले, "लिंबू, लिंबू!"

नात म्हणाली, "वलनभात, तूप, लिंबू."

मला सगळं ऐकू आलं होतं. मोजमाप कसं करायचं हेही मला आता चांगलं कळतं. तरीसुद्धा मी टाळ्या वाजवल्या आणि तिला जागच्या जागी सी-वन देऊन टाकलं.